चावा काढलेले बूट

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी नीट पोचले, हे कळवायला उशीरच झाला, रागावू नकोस. आल्या आल्या दुकानात कामाचा ढीग पडला होता. एका नव्या हॉटेलने सगळ्या खोल्यांचे पडदे आमच्याकडे शिवायला टाकले आहेत, आणि रंग असला निवडलाय की दिवसभर ते कापड कापून संध्याकाळी मला माणसंसुद्धा तपकिरी दिसतात. मालक म्हणाले, बाई, तुमच्यावाचून दुकान बसून होतं. दुकान कसलं, ते स्वतः बसून होते. बाकीच्या सगळ्या जणी कापायच्या टेबलाशी उभ्याच होत्या.

माझं ठीक आहे. पाठ दुखते, ती नेहमीचीच.

काल संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. तुझ्या उजव्या पायाला, करंगळीच्या बुडाशी जखम झाली आहे म्हणाली. मी निघाले त्याच दिवशी संध्याकाळी तिला मोज्यावर डाग दिसला म्हणे. तू मात्र एका अक्षराने कळवलं नाहीस. शाळेत मुख्याध्यापिका होतीस तेव्हा पोरांना साधं खरचटलं तरी तू घरी निरोप धाडायचीस, आणि आता स्वतःच्या पायाला भोक पडलं तर मुकाट बसलीस. दुखत नाही म्हणून बसली असशील. तेच तर वाईट आहे. ज्याला दुखतं तो निदान ओरडतो तरी. मधुमेहाने तुझ्या पावलांतली जाणीव अशी नेली आहे की सेफ्टी पिन तळव्यात घेऊन तू अख्खं स्नेहसंमेलन उभी राहिली होतीस, आणि वर भाषणही केलं होतंस.

बुटांचं म्हणशील तर मला ते पहिल्यापासून जडच वाटले होते. सूनबाईने हौसेने, दवाखान्यातल्या बूट करणाऱ्याकडे तुझा पाय कागदावर आखून, माप देऊन करून घेतले हे खरं. पुढे रुंद, आत शिवण नाही, मऊ गादी, सगळं खरं. पण प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला मानवतेच असं नाही. तू त्यांना रणगाडे म्हणालीस तेव्हा आपण दोघी किती हसलो. ती नव्हती हसली. चावत असतील तर दे टाकून. तुझे पट्ट्यांचे जुने सँडल काय वाईट आहेत? इतकी वर्षं त्यांच्यावरच तर शाळा चालवलीस.

आणखी एक, लिहिते आहे म्हणून लिहिते. मी ते बूट आधी घालून दिले, हे सूनबाईला सांगू नकोस. त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. घरात नवी चप्पल आली की ती आधी माझ्या पायात यायची, माझे तळवे टणक म्हणून मी ‘दगडी’. माझ्या पायावर चपलेचा चावा निघाला की मग ती तुझ्या पायात जायची. आपलं माप तेव्हाही एकच होतं, आजही एकच आहे. तू म्हणालीस, “दगडे, चार दिवस घालून दे, पूर्वीसारखे,” आणि मी दिले. झालं. पण तिला हे कळलं तर ती म्हणेल, बूट करणाऱ्याने बजावलं होतं की पहिल्या दिवसापासून आईंनीच घालायचे, रोज थोडा वेळ, घरातल्या घरात, आणि काढल्यावर पाय निरखून पाहायचा. मग दहा प्रश्न विचारेल. कशाला?

आणि हो, बुटात काही सापडलं का गं? सहज विचारते. खडाबिडा. तू मला सोडायला स्टँडपर्यंत आलीस, रस्त्यात काय कमी खडी आहे! एकदा उलटे करून झाड. सूनबाईला नको सांगूस, तूच झाड.

उत्तर लगेच पाठव. फोनवर तू नुसती “बरं, बरं” करतेस आणि ठेवून देतेस.

तुझी
दगडी


३ मार्च

ताई,

तुझं पत्र परवा आलं. एवढ्याशा चिठ्ठीत तू काय काय लिहिलंस! जखम हाडापर्यंत गेली. करंगळी काढावी लागेल असं डॉक्टर म्हणतात. सूनबाईशी बोलणं टाकलंस. बूट माळ्यावर फेकलेस. आणि शेवटी लिहिलंस, “तुझा सल्ला ऐकला, जुने सँडल काढले.”

ते शेवटचं मी दुकानातच वाचलं. हातात कापड होतं, ते खाली ठेवलं आणि मागच्या खोलीत जाऊन गाठोड्यांवर बसून राहिले. मालकांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, चक्कर आली. अलीकडे खोटं बोलणं फार सोपं जातंय मला.

काल सूनबाईने पुन्हा फोन केला, तिच्या लॅबमधून, जेवणाच्या सुट्टीत. तिने तुझी एकही तक्रार केली नाही. तू तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीस हे मला तुझ्या लेकाकडून कळलं, तिच्याकडून नाही. ती एवढंच म्हणाली की डाव्या पायावरही सँडलच्या पट्टीखाली लाल झालंय, आणि आई बूट घालायला तयार नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, असंच चाललं तर हाही पाय त्याच वाटेने जाईल. आणि उजव्या पायाच्या जखमेचा आकार गोल होता, म्हणाली. आत काहीतरी कडक, गोल दाबत राहिलं असणार असं डॉक्टरांचं मत आहे.

“मावशी, त्या आठवड्यात तुम्ही रोज बुटात हात घालून बघत होता ना?”

“हो,” मी म्हणाले. “रोज.”

“मग बूटच चुकले माझे,” ती म्हणाली, आणि कामावर जायचंय सांगून तिने फोन ठेवला.

ताई, मी एकदाही हात घातला नव्हता.

आता सगळं लिहिते. सलग वाच, मधेच डोळ्यांवरून चष्मा काढू नकोस.

मी तुझ्याकडे आले त्याच दिवशी सूनबाईने मला दारामागच्या स्टुलापाशी नेऊन दाखवलं होतं: सकाळी बूट घालायच्या आधी आत हात घालायचा, टोकापर्यंत, बोटांनी चाचपायचं. बूट काढल्यावर तळवे, बोटांच्या बेचक्या उजेडात बघायच्या. पांढरेच मोजे, म्हणजे डाग चटकन दिसतो. पाय तर ती आधीपासून रोज बघत होती, कामावर जायच्या घाईतसुद्धा. मीच म्हणाले, मी आहे ना आठवडाभर, तू निर्धास्त जा. तिला बरं वाटलेलं दिसलं. आणि मी काय केलं? सकाळी चहाचा कप हातात घेऊन तुला विचारायचे, “पाय बरे आहेत ना?” तू वर्तमानपत्राच्या आडून म्हणायचीस, “बरे आहेत.” ज्या पायांना काही कळतच नाही त्यांची खुशाली मी तुझ्या तोंडून घेत होते.

का नाही पाहिले, ते सांगते. लाज वाटते, पण सांगते. तिने तुझं पाऊल मांडीवर घेतलेलं मला बघवलं नाही. कुठे घट्टा आहे, कुठे कातडी सोलते, कुठलं नख आत वळतं, सगळं तिला तोंडपाठ. मला वाटलं, ही कोण काल आलेली? ताईचे पाय मला माहीत नसतील तर कोणाला असतील? तिची ती सगळी काळजी मला मिरवणं वाटली. मी नाही केलं तरी काही बिघडत नाही हे मला तिला दाखवायचं होतं बहुतेक. दाखवलं.

आता बुटांचं. तू सांगितलंस म्हणून मी घातले, हे पहिल्या दिवसापुरतं खरं आहे. तू दुपारी पडलीस की मी ते चढवायचे आणि कोपऱ्यावरच्या मंडईपर्यंत जाऊन यायचे. ताई, माझ्या करंगळीवर कुरूप आहे हे तुला माहीत आहे. दिवसभर टेबलाशी उभं राहून ते असं ठणकतं की कधी कधी उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी येतं. त्या बुटांत ते दुखलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मंडईत उगाचच एक फेरी जास्त मारली. दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्यासाठी चावा काढत नव्हते. चावा नव्हताच त्या बुटांना. मी माझ्या पायांची हौस भागवत होते, आणि तुला सांगत होते, अजून जरा कडक आहेत, उद्याचा दिवस घालते.

कुरुपावर मी ती चिकट चकती लावते, जाड, गोल, मधे भोक असलेली. मी बूट घातले त्या चौथ्या, शेवटच्या दुपारी परत आले, न्हाणीघरात पाय धुतले, तर बोटावर चकती नव्हती. मी फरशीवर शोधली, जाळीपाशी शोधली. बुटात नाही शोधली. बूट मी तसेच, सूनबाईला संशय येऊ नये म्हणून पुसून, स्टुलाखाली नीट जोडीने ठेवून दिले होते. दुसऱ्या दिवशी तू ते घातलेस. “छान रुळवलेस गं,” म्हणालीस. चावा निघालाय म्हणून तासभर नाही, दिवस दिवस घातलेस. आणि मला सोडायला स्टँडपर्यंत त्यांतच चालत आलीस, माझी पिशवी उचलून.

गाडीत बसल्यावर मला ती चकती आठवली होती. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून शेवटी लिहिते. आठवली, आणि मी मनाला म्हटलं, न्हाणीघरातच वाहून गेली असेल. पोचल्यावर एक फोन करायचा होता, “ताई, बुटात बघ.” पण मग सूनबाईला कळलं असतं की मी बूट घालून फिरले, आणि आत हात घालून पाहिलंही नाही. म्हणून नाही केला. नंतर तुझी जखम कळल्यावर पत्र लिहायला बसले, तेव्हाही खडाबिडा म्हणून वेळ मारून नेली, आणि खापर बुटांवर फोडलं. तेही पुरेसं नव्हतं म्हणून तुला परत सँडल घालायला सांगितलं.

बूट चांगले आहेत, ताई. सूनबाईने बरोबर केले होते. माळ्यावरून काढ. डाव्या पायात तरी आजच घाल, उजव्याचं डॉक्टर सांगतील तसं. मला काय बोलायचं ते बोल, पण सँडल घालू नकोस.

मी येऊ का? तू म्हणशील तेव्हा निघेन. नको म्हणशील तर तेही कळव.

तुझी अपराधी


२४ मार्च

ताई,

करंगळी काढली हे तुझ्या लेकाने कळवलं होतं. शस्त्रक्रियेच्या दिवशी मी दुकानात हॉटेलचे पडदे उलट्या बाजूने शिवले. सगळे उसवावे लागले.

मग तुझं पत्र आलं. मला वाटलं होतं तू शिव्या घालशील. तशी तयारी करूनच पाकीट फोडलं. आणि तू लिहितेस की चकतीचं तुला पहिल्यापासून माहीत होतं!

मला स्टँडवर सोडून तू घरी गेलीस, मोजा काढलास, तर चकती मोज्याला चिकटलेली होती आणि भोवती रक्त. तू ती ओळखलीस. कचऱ्यात टाकलीस, वर चहाचा चोथा टाकलास, आणि संध्याकाळी सूनबाई आली तेव्हा तिला म्हणालीस, तुझे बूट चावले. डॉक्टरांसमोर तेच. लेकासमोर तेच. बूट माळ्यावर टाकलेस तेही म्हणूनच. घातले असतेस आणि काही झालं नसतं तर ते चावत नाहीत हे सिद्ध झालं असतं, मग विचारणा माझ्यापर्यंत आली असती. मी इथे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते आणि तू तिथे माझ्यासाठी दुसरा पाय पणाला लावून बसली होतीस.

पुढे लिहितेस, “तू काय, आठवड्याची पाहुणी. तुझं नाव निघालं असतं तर या घराचं दार तुला बंद झालं असतं. सूनबाई घरचीच आहे. चार दिवस रुसेल आणि विसरेल. आता हा विषय आपल्या दोघींतच राहू दे.”

ताई, मी तुझ्या शब्दाबाहेर कधी गेले नाही. मी काच फोडायची आणि तू शेजाऱ्यांसमोर उभी राहायचीस. तेव्हा बरं वाटायचं. हे वाचून बरं वाटलं नाही. राग आला, आणि राग यायचा मला काय अधिकार, म्हणून आणखी राग आला. घरची आहे म्हणून तिच्यावर ढकलायचं? जी रोज वाकून तुझे पाय बघते तिच्यावर? आणि तिने ते खरं मानलं गं. “बूटच चुकले माझे” म्हणाली ती मला. तिला रुसायलासुद्धा आपण दोघींनी जागा ठेवली नाही.

म्हणून विषय दोघींत ठेवला नाही मी. काल तिच्या जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये फोन केला आणि सगळं सांगितलं. चकती, मंडई, न घातलेला हात, गाडीत आठवलेलं, पहिलं पत्र, सगळं. तुझंही सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

मागे कसल्या तरी यंत्राची घरघर चालू होती. मला वाटलं रडेल, किंवा आवाज चढवेल. दोन्ही नाही.

“मावशी,” ती म्हणाली, “आत्ता मला तुमच्याशी नीट बोलता येणार नाही. पण आईंनी बूट घातले पाहिजेत. माझं त्या ऐकणार नाहीत. तुम्ही लिहा.”

मी म्हणाले, आजच लिहिते.

“आणि इतक्यात येऊ नका,” ती म्हणाली.

तेव्हा हे पत्र तिच्या सांगण्यावरून लिहिते आहे. मी येणार नाही. ती स्वतः ये म्हणेपर्यंत नाही, आणि नाही म्हणाली तरी ते बरोबरच असेल. दार बंद होईल म्हणून तू जे सगळं केलंस ते दार आता बंद झालंय, आणि मी अजून जिवंत आहे, कामाला जाते आहे, दोन वेळा जेवते आहे. बघ, एवढंच होतं. एवढ्यासाठी तुझं बोट गेलं.

आता माझं ऐक. हे मागायचं तोंड मला नाही, तरी मागते. जखम भरली की बूट करणाऱ्याकडे नवं माप द्यायला जायचंय. बोट गेलं तिथे आत मऊ भर घालून देतात, नाहीतर पाय बुटात सरकतो आणि शेजारच्या बोटावर भार येतो. सूनबाईबरोबर जा, लेकाबरोबर नको, त्याला त्यातलं काही कळत नाही आणि तो नुसता मान डोलावतो. संध्याकाळी जा, दिवसभराने पाय सुजलेला असतो तेव्हाचं माप खरं. नेहमीचे मोजे घालून जा. तो बूट करणारा काय विचारेल त्याचं खरं उत्तर दे, “बरं आहे” म्हणू नकोस. दिसायला ते पुन्हा रणगाडेच असतील. असू देत. घरातसुद्धा अनवाणी फिरू नकोस. आणि पाय बघायला ती स्टुलापाशी बसली की पाऊल मागे घेऊ नकोस, मुख्याध्यापिकेसारखं अवघडून बसू नकोस, तिच्या मांडीवर ठेव आणि सैल सोड.

सकाळी ती आत हात घालून बूट तपासेल तेव्हा तिला एवढंच म्हण, बूट बरोबर होते. मोठं भाषण नको, तुला ते जमतं म्हणून सांगते. माफीबिफीचं नंतर बघ. आधी हे एक वाक्य, तिच्याकडे बघून, आणि लेक घरात असेल तर त्याच्यादेखत. कोणामुळे झालं असं त्याने विचारलं तर माझं नाव सांग. आता कुणापासून लपवायचं राहिलंय?

पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. बूट घातलेस एवढं मला तिच्याकडून कळू दे, तिला कळवावंसं वाटेल तेव्हा.

जिच्यासाठी इथून पुढे तू खोटं बोलायचं नाहीस,
ती तुझी धाकटी बहीण